पेरणीचा कर्ता कोण?

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, पण तो खपायला सुरुवात व्हायला दोन वर्षे लागली. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. १९१० साली औंधच्या राजांनी कुंडलजवळचा माळ दिला, तिथे किर्लोस्करवाडी वसली आणि तोच नांगर हळूहळू कृष्णाकाठच्या काळ्या रानात शिरला. तो खपवायला गावोगाव हिंडणाऱ्यांत भाऊराव पाटीलही होते. पुढे १९१९ मध्ये त्यांनीच कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. अंधश्रद्धेवर विज्ञानाने केलेली मात म्हणून ही हकिगत सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. लोखंडाने जमीन नासत नाही. पण त्या भीतीच्या पोटात एक प्रश्न होता आणि त्याचे उत्तर न देताच आपण पुढे आलो. जमिनीला जो आई म्हणतो, त्याने तिच्या कुशीत काय, कधी आणि किती खोल घालायचे, हे कुणी ठरवायचे? नांगराच्या रुमण्यावर माणसाचा हात होता तोवर हा प्रश्न मागे राहिला तरी चालून गेले. पेरणीचे यंत्र आता आपले आपण चालू लागले आहे आणि उद्या आपले आपण ठरवूही लागेल. अशा वेळी तो प्रश्न टाळून चालणार नाही.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत पेरणीच्या किती तरी तऱ्हा एकत्र नांदतात. माण, खटाव, जत, आटपाडी या कोरड्या पट्ट्यात रब्बीची ज्वारी, कृष्णा-वारणेच्या काठाला ऊस आणि सोयाबीन, सांगलीच्या बाजूला अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर लावली जाणारी हळद. यंत्र प्रत्येक ठिकाणी वेगवेगळ्या वेगाने आले. ज्वारीची पाभर ट्रॅक्टरमागे गेली त्याला बराच काळ लोटला. उसाच्या लागणीत मात्र अजून दोन्ही चित्रे दिसतात. ओल्या लागणीत बायाबापे पाणी सोडलेल्या सरीत वाकून दोन डोळ्यांची टिपरी मांडतात आणि पायाने चिखलात दाबत पुढे सरकतात. शेजारच्या रानात ट्रॅक्टरला जोडलेले लागण यंत्र एकाच फेरीत सरी पाडते, आख्ख्या उसाची टिपरी तोडते, त्यांवर बेणेप्रक्रियेचे औषध सोडते, खत टाकते आणि माती ओढून घेते. यंत्रावर बसलेल्या माणसांना ऊस पुरवण्याखेरीज काम उरत नाही. तेही किती दिवस उरेल, सांगता येत नाही. उपग्रहाच्या इशाऱ्यावर सरळ रेषेत चालणारे ट्रॅक्टर परदेशात जुने झाले. जानेवारी २०२२ मध्ये जॉन डिअर कंपनीने चालकाविना चालणारा ट्रॅक्टर जगापुढे आणला, आणि आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले.

हाताने पेरणे म्हणजे पवित्र आणि यंत्राने पेरणे म्हणजे भ्रष्ट, अशी वाटणी मला मान्य नाही. मुळात पाभर हेच यंत्र आहे. चाडे, त्यातून निघणाऱ्या नळ्या आणि खाली फण, अशी ही रचना इतकी नेमकी होती की अठराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेत नोकरीला असलेल्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने तिचे वर्णन मुद्दाम विलायतेला लिहून पाठवले. बी मुठीने फेकून पेरण्याच्या तुलनेत पाभर हे मोठेच यांत्रिकीकरण होते. असे असूनही पाभरीच्या पेरणीत माणूस होता. तो कुठे होता, ते नीट पाहायला हवे. ओढण्याची ताकद बैलांची. पण चाड्यावर मूठ धरणाऱ्या बाईच्या बोटांमधून बी किती सुटते, यावर पीक दाट येणार की विरळ हे ठरायचे. त्याआधी वाफसा पाहिला जायचा. मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि खाली टाकायचा. तो फुटून विखुरला तर घात आली, तसाच राहिला तर अजून एक-दोन दिवस थांबायचे. या साऱ्यात अंगमेहनत होती, पण पेरणीला अर्थ देणारी गोष्ट मेहनतीहून वेगळी होती. आज पेरायचे की नाही, हे ठरवणारा माणूस त्या रानात उभा होता आणि चुकला तर उपाशी राहणाराही तोच होता.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. ज्ञानेश्वरांनी ती विस्ताराने उलगडली आहेत. परंपरेने अधिष्ठान म्हणजे शरीर, करण म्हणजे इंद्रिये आणि दैव म्हणजे त्या इंद्रियांच्या देवता असा अर्थ घेतला जातो. अवजार हे हाताचेच वाढलेले रूप धरले तर करणात पाभरही येते, ट्रॅक्टरही येतो. हा विस्तार माझा आहे, भाष्यकारांचा नाही. पण तो मूळ विचाराला सोडून जातो असे मला वाटत नाही. गीतेचा तिथला रोख हाच आहे की मी एकटाच करतो असे मानणाऱ्याला खरे दिसत नाही. पेरणीला हे पुरते लागू आहे. माती, बी, बैल, सुताराने केलेली पाभर आणि वरचा पाऊस यांच्यावाचून एकही दाणा उगवत नाही. या पाचांत आणखी एक बारकावा आहे आणि सगळा युक्तिवाद मी त्याच्यावर उभा करतो आहे. शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात इथला कर्ता म्हणजे देहादी उपाधींनी बांधलेला, भोगणारा जीव असे सांगितले आहे. कर्माचे फळ ज्याच्या वाट्याला येते तोच त्या कर्माचा कर्ता. या कसोटीवर यंत्र कितीही हुशार झाले तरी करणातच राहते, कारण पेर फसली तरी यंत्राचे काही बुडत नाही. त्याला कर्ज नाही, भूक नाही, पोरीचे लग्न नाही. मग यंत्र माणसाची जागा घेईल ही भीती धर्मविचाराच्या दृष्टीने फारशी खोल नाही. खरा धोका वेगळा आहे. ठरवणारा एक आणि भोगणारा दुसरा अशी कर्माची फाळणी होणे, हा तो धोका.

२०२० च्या खरिपात महाराष्ट्रभर सोयाबीन न उगवल्याच्या हजारो तक्रारी झाल्या आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले. बियाणे निकृष्ट होते, हे शेतकऱ्यांचे म्हणणे. बी जास्त खोल पडले, पुरेसा पाऊस होण्याआधीच पेरणी झाली, ही दुसऱ्या बाजूची उत्तरे. बी किती बोटे खोल पडले, हे महिन्याभराने कोण सिद्ध करणार? दुबार पेरणीचा खर्च पडायचा त्याच्याच अंगावर पडला. आता याच प्रसंगात स्वयंचलित पेरणी यंत्राची कल्पना करून पाहा. त्या यंत्राने प्रत्येक ओळीतली खोली, दोन बियांमधले अंतर, पेरणीची तारीख आणि जमिनीतली ओल टिपून ठेवलेली असते. ही नोंद शेतकऱ्याच्या हातात असेल तर बियाणे विकणाऱ्यापुढे तो पहिल्यांदाच पुरावा घेऊन उभा राहील. नोंद कंपनीच्या कपाटात बंद असेल तर तीच त्याच्यावर उलटवली जाईल. यंत्र तेच, बी तेच, रान तेच. फरक एवढाच की कर्माची साक्ष कर्त्याकडे राहिली की त्याच्याकडून काढून घेतली गेली. स्वयंचलित पेरणी धर्म्य की अधर्म्य, याचा निवाडा मी या ठिकाणी करतो, इंजिनाच्या आवाजात किंवा तेलाच्या वासात करत नाही.

यावर पहिला आक्षेप भक्तिपरंपरेतून येईल आणि तो आदराने ऐकायला हवा. अरणच्या सावता माळ्याने पंढरीची वाट धरली नाही, मळ्यातच विठ्ठल पाहिला. त्या दृष्टीने शेतातले श्रम हीच पूजा. ते यंत्राला दिले तर पूजाच दुसऱ्याकडून करवून घेतल्यासारखे होईल. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत वेदान्त शिकलेल्या विनोबांनी हाच विचार टोकापर्यंत नेला. पवनारला त्यांनी बैलही न वापरता केवळ माणसाच्या हातांनी करायच्या ऋषिशेतीचा प्रयोग केला. त्या प्रयोगामागची निष्ठा वादातीत आहे. तरी मला इथे थांबावेसे वाटते, कारण स्वतः निवडलेले श्रम आणि पोटासाठी लादलेले श्रम यांना एकाच नावाने पूजा म्हणता येत नाही. सावता स्वतःच्या मळ्यात राबत होते. हळदीच्या सरीवर रोजंदारीने दिवसभर वाकणाऱ्या बाईला तिचे श्रम पूजा वाटतात का, हे तिला कुणी विचारले आहे? खटाव तालुक्यातले कटगुण ज्यांचे मूळ गाव, त्या जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतकऱ्याच्या घामाचे स्तोत्र गायले नाही, त्याचे घर, अन्न, कपडा यांची दैना मांडली आणि त्याच्यासाठी शिक्षण आणि पाण्याचे बंधारे मागितले. साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्यांचे नाव दाखल झाले, त्या बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात गांधीविचाराला याच मुद्द्यावर उत्तर दिले. माणसाला पशूच्या जिण्यातून वर काढायचे तर त्याला फुरसत हवी आणि ती यंत्रच देऊ शकते, असे त्यांचे म्हणणे होते. यंत्राचा लाभ मूठभरांनी बळकावला असेल तर दोष समाजरचनेचा आहे, आणि बदलायची ती रचना. या दोघांपुढे श्रमाच्या पावित्र्याचा युक्तिवाद मला टिकताना दिसत नाही. कंबर मोडणारे काम यंत्राने उचलावे, खुशाल उचलावे. भक्तीला त्यातून उणेपणा येत नाही, उलट सांजवेळी हरिपाठ म्हणायला अंगात त्राण राहते.

गांधीजींची बाजूही इतकी एकेरी नव्हती. १९०९ च्या ‘हिंद स्वराज्य’मध्ये यंत्रांवर तुटून पडलेल्या गांधीजींनी १९२४ मध्ये शिवणयंत्राला अपवाद म्हणून मान्यता दिली, आणि १९२९ मध्ये सुधारलेल्या चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर झाले. त्या स्पर्धेच्या अटी आजही वाचण्यासारख्या आहेत. चरखा साध्या खेड्यातल्या घरात हाताने किंवा पायाने चालला पाहिजे, बाईला आठ तास फारसे न दमता चालवता आला पाहिजे, किंमत दीडशे रुपयांच्या वर जाता कामा नये. किर्लोस्करांच्या कारखान्यातूनही या स्पर्धेसाठी चरखा तयार झाला होता. म्हणजे यंत्राला नकार देण्यापाशी गांधीजी थांबले नव्हते. यंत्र कुणाच्या घरात, कुणाच्या हुकमतीत आणि कुणाच्या ऐपतीत, हे प्रश्न ते विचारत होते. आंबेडकरांचा रोख वेगळ्या वाटेने याच ठिकाणी येतो. दोघांचे मार्ग एकमेकांना छेद देणारे होते हे खरे, आणि तो भेद मी पुसू पाहत नाही. पण पेरणीच्या यंत्राबद्दल दोघांपुढे एकच प्रश्न ठेवला असता तर मालकी आणि हुकमत कुणाची, हे दोघांनीही आधी विचारले असते.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. गीता तर कर्तेपण सोडायलाच सांगते. मग ते यंत्राला दिले काय आणि देवाला वाहिले काय, शेतकरी मोकळाच झाला ना? असे म्हणणारे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. सोडायचा आहे तो मी करतो हा अहंकार. जबाबदारी सोडायला गीतेने कुठेही सांगितलेले नाही. अर्जुनाच्या मनातला मीपणा गेला, पण धनुष्य त्यालाच उचलावे लागले. सज्जनगडावर समाधिस्थ झालेल्या रामदासांनी दासबोधात प्रयत्नाला जे स्थान दिले आहे, तेही याच समजुतीतून. फळ ईश्वराला अर्पण करायचे तर आधी ते कर्म आपले असावे लागते. ज्या पेरणीतला एकही निर्णय आपला नव्हता, ती अर्पण तरी कशी करणार? कर्तेपण ईश्वरचरणी वाहणे हा मोक्षाचा मार्ग असेल, पण तेच करारावर अंगठा उठवून एखाद्या कंपनीच्या हवाली करण्याला दास्य म्हणतात.

तिसरा आक्षेप रोखठोक आहे आणि त्यात तथ्य आहे. शेतकऱ्याचा अंदाज चुकतो. ओल मोजणारे यंत्र आणि हवामानाचा अंदाज त्याच्यापेक्षा बरा असतो. मग चांगले जाणणाऱ्याच्या हाती निर्णय का देऊ नये? सल्ला जरूर घ्यावा. आपला शेतकरी नेहमीच सल्ला घेत आला आहे. तो पंचांगात मृगाचे वाहन पाहतो, जत्रेतली भाकणूक ऐकतो, पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने शिफारस केलेली जात लावतो. हे सारे ऐकून झाल्यावर तो रानात जाऊन मातीचा गोळा दाबून पाहतो, आणि मग स्वतः ठरवतो. पंचांग कितीही चुकले तरी त्याने कधी पाभरीला कुलूप घातले नाही. यंत्राचा सल्ला पंचांगाहून शंभरपट अचूक असू शकतो आणि असावाच, पण तो नाकारण्याची मुभा शेतकऱ्याला असली पाहिजे. अचूक सल्लागार आणि मालक यांच्यातली रेघ तिथे आहे. शिवाय अचूकता कशाच्या हिशेबाने, हाही प्रश्न उरतो. एकरी उतारा जास्तीत जास्त यावा म्हणून ठरवलेले यंत्र घरच्या खाण्यापुरते हुलगे-मटकीचे चार तास कधीच सुचवणार नाही. ज्याला त्या रानावर घर चालवायचे आहे, त्याचा हिशेब वेगळा असतो.

आता ठरवणारा आणि भोगणारा यांची ही फाळणी कल्पनेतली नाही, याचा पुरावा. महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आली. एवढ्या तुकड्यावर महागडे स्वयंचलित यंत्र विकत घेणे कुणालाच परवडणारे नाही. ते भाड्यानेच येणार. म्हणजे यंत्राचा मालक एक, त्यातल्या प्रणालीचा मालक दुसरा आणि रानाचा मालक तिसरा. अमेरिकेत मोठमोठे शेतकरी आपल्याच पैशाने घेतलेले ट्रॅक्टर स्वतः दुरुस्त करता यावेत म्हणून झगडत आहेत. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये त्यासाठी कायदा केला, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने याच कारणावरून जॉन डिअरविरुद्ध दावा दाखल केला. शेकडो एकरांच्या धन्याची ही गत असेल तर दोन एकरवाल्याने आधीच सावध झालेले बरे. आपल्या जुन्या गावगाड्यात पाभर करणारा सुतार आणि फण शेवटणारा लोहार यांचे बलुते खळ्यावरच्या राशीतून निघायचे. पीक बुडाले की त्यांचाही घास बुडायचा. त्या व्यवस्थेत जातीची जखडण होती आणि ती मोडलीच पाहिजे होती. तिचे गोडवे गाण्याचे काही कारण नाही. पण अवजार करणारा फळाचा वाटेकरी असायचा, ही त्यातली गोष्ट न्यायाची होती. आज यंत्रवाला एकराच्या हिशेबाने भाडे घेऊन निघून जातो, उगवण किती झाली हे पाहायला परत येत नाही.

ज्यांची लागणीची रोजंदारी जाणार, त्या बायांचा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि माझ्या युक्तिवादाने तो आपोआप सुटत नाही. त्यांना फुरसत मिळेल असे म्हणणे क्रूरपणाचे ठरेल, कारण मजुरीविना मिळालेली फुरसत म्हणजे उपास. तेव्हा यंत्राची मालकी आणि ते चालवण्याचे काम त्यांच्याकडे गेले पाहिजे. फवारणीच्या ड्रोनबाबत केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये १५ हजार महिला बचत गटांसाठी अशी योजना मंजूर केली. पेरणी यंत्रांबाबत तसे का होऊ नये?

या दोन जिल्ह्यांत सहकाराची मुळे खोल आहेत आणि लागण यंत्रे सभासदांच्या बांधावर येणार ती बहुधा साखर कारखान्यांच्या, सोसायट्यांच्या नाहीतर शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या मार्फत. म्हणून माझी विनंती त्यांच्या सभासदांना आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत यंत्रखरेदीचा विषय निघेल तेव्हा किंमत आणि अनुदान यांच्यापुढे जाऊन चार गोष्टी करारात लिहून मागा. पेरणीची नोंद रानाच्या मालकाला मिळेल. यंत्राने सुचवलेली तारीख, जात आणि अंतर बदलण्याचा हक्क शेतकऱ्याकडे राहील. दुरुस्ती तालुक्याच्या गावी, आपल्या पोरांना करता येईल. आणि यंत्रवाल्याच्या भाड्याचा काही हिस्सा उगवण पाहिल्यावरच दिला जाईल. या चार अटी मान्य करणारे यंत्र आले तर खंडेनवमीला त्याला हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घाला. मान्य न करणारे यंत्र कितीही स्वस्तात मिळत असले तरी परत पाठवा.